स्नॉर्केल बसवला, पुढे काय?

आडवाटेची गाडी : लेखांक 6

गेल्या आठवड्यात आपण चिखल आणि टायरमधली हवा पाहिली. या वेळी खोल पाणी. त्यासाठी उरण तालुक्यातल्या द्रोणागिरीला जाऊ.

सिडकोचा हा नोड खाजणात आणि मिठागरांत भराव टाकून वसवला आहे. अशी जमीन उधाणाच्या पातळीच्या खाली राहते, म्हणून नवी मुंबईत धारण तलावांची योजना झाली. भरती चढली की खाडीच्या दाबाने झडपा मिटतात आणि पावसाचे पाणी तलावात थांबते. ओहोटी लागली की झडपा उघडतात आणि ते खाडीत जाते. तलाव गाळाने भरला किंवा झडप अडकली, आणि त्यातच अमावस्या-पौर्णिमेचे उधाण व मुसळधार पाऊस एकत्र आले, की सखल रस्ते पाण्याखाली जातात. म्हणून इथे पहिली तयारी भरतीच्या वेळा पाहण्याची. भरती आणि ओहोटीत साधारण सहा तासांचे अंतर असते. दोन-तीन तास थांबलात तर पुष्कळदा गाडी पाण्यात घालावीच लागत नाही.

आता गाडीकडे. पाण्यात जायचे म्हटले की बहुतेकांना स्नॉर्केल आठवतो. इंजिनाला लागणारी हवा तो छताच्या उंचीवरून घेतो, आणि हे काम मोलाचे आहे. 2.2 लिटरच्या चार सिलिंडरच्या डिझेल इंजिनात एका सिलिंडरची जागा साधारण 550 मिलिलिटर. पिस्टन वर आला की त्यातली जेमतेम 35 मिलिलिटर उरते. हवा तेवढ्यात दाबली जाते. पाणी दाबले जात नाही. एवढ्या जागेहून जास्त पाणी आत गेले की पिस्टन अडतो, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि सारे इंजिन खोलावे लागते.

पण फोर्स गुरखा पाहा. तिला स्नॉर्केल कंपनीतूनच बसवलेला येतो, तरी कंपनी पाण्याची मर्यादा 700 मिलिमीटरच सांगते. महिंद्रा थारची मर्यादा 650. म्हणजे स्नॉर्केल छतापर्यंत गेला म्हणून गाडी छतापर्यंत पाण्यात जात नाही. गाडी जिथे जिथे श्वास घेते त्यातली सर्वांत खालची जागा मर्यादा ठरवते.

असा श्वास डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सही घेतात. आतले ऑइल तापले की हवा फुगते. ती बाहेर पडावी म्हणून वर ब्रीदरची छोटी नळी असते. तासभर पळून तापलेली हाउसिंग गार पाण्यात बुडाली की आतली हवा आकसते. गरम पाण्याने विसळून लगेच झाकण लावलेली बाटली गार होताना चेपते, तसाच ओढा आत तयार होतो. ब्रीदर पाण्याखाली असेल तर त्यातून, तुंबलेला असेल तर सीलच्या कडेने पाणी आत येते. उपाय स्वस्त आहे : ऑइल सोसणारी लांब नळी जोडून तिचे टोक बॉनेटखाली उंचावर बांधा. कमी पैशात एवढे रक्षण करणारे दुसरे काम या यादीत नाही.

पुढे वायरिंग. कनेक्टर उघडून, कोरडे करून डायइलेक्ट्रिक ग्रीस भरा. बॅटरी घट्ट आवळा. स्नॉर्केल आणि एअर फिल्टरच्या पेटीमधला प्रत्येक क्लॅम्प हाताने हलवून पाहा. सैल सांध्यातून पाणी शिरले तर वरच्या नळीचा उपयोग शून्य. दोर गाडी कोरडी असतानाच हुकाला अडकवून ठेवा.

पाण्यात उतरताना लो रेंज, पहिला किंवा दुसरा गिअर आणि चालण्याच्या वेगाहून थोडा जास्त वेग. पुढे एक लाट तयार होते आणि तिच्यामागे बॉनेटखालची पातळी उतरते. वेग तोच ठेवा, मध्येच गिअर बदलू नका. इंजिन बंद पडले तर सेल्फ मारू नका, एकदाही नाही. गाडी दोराने ओढून बाहेर काढा आणि फिल्टर उघडा. तो ओला निघाला तर नोझल किंवा ग्लो प्लग काढून, इंजिन हाताने फिरवून पाणी काढल्याशिवाय चावीला हात लावायचा नाही.

द्रोणागिरीत आणखी एक काम वाढते, कारण पाणी खारे असते. त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा : चॅसीच्या पोकळ्या, ब्रेक, प्रॉपेलर शाफ्टचे सांधे, सगळे. मग ग्रीस भरा. डिफरन्शियलचा प्लग किंचित सैल करून ऑइल पाहा. ते दुधाळ दिसले तर लगेच बदला. ब्रेक हलके दाबत काही अंतर चालवून सुकवा.

एवढे करूनही काही पाण्यांत जायचे नसते. गढूळ पुराखाली रस्ता शिल्लक आहे की नाही, हे कोणतीही गाडी सांगत नाही. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल पुरात कोसळला आणि दोन एसटी बस प्रवाशांसह वाहून गेल्या. जुलै 2019 मध्ये मालाडच्या पाण्याने भरलेल्या सबवेत स्कॉर्पिओत अडकून दोघांचा जीव गेला. हिशेब साधा आहे. मीटरभर रुंद दारावर 60 सेंटिमीटर पाणी चढले की बाहेरून सुमारे 180 किलोचा दाब पडतो. आतून दार ढकलून उघडत नाही. शिवाय तळाच्या 5 चौरस मीटर पत्र्याला वर चढणारे दर 10 सेंटिमीटर पाणी, आत शिरेपर्यंत, सुमारे 500 किलोने उचलते. चाके हलकी झाली की फोर व्हील ड्राइव्हला पकडायला जमीन उरत नाही. म्हणून वाहत्या पाण्यात गाडी घालू नका. साचलेले पाणी पायी, काठीने मापता येत नसेल तर तिथेही नको. आणि उतरण्यापूर्वी काचा खाली घ्या.

कंपनीचा आकडा ही सपाट, स्थिर पाण्यातली मर्यादा असते. खड्डा आणि लाट धरून त्यातले निदान 15 सेंटिमीटर वजा करा आणि उरलेली उंची दाराच्या खांबावर रंगाने आखा. काठीवरची ओल त्या रेघेच्या वर गेली, तर ओहोटीची वाट पाहायची.

पुढील लेखांकात : अडकलेली गाडी दोर आणि विंचने सुरक्षित कशी काढावी.