स्वल्पविरामाचा घोळ

जनगणनेची गावयादी सीएसव्ही फाइलमध्ये आहे आणि आपल्या वेबपेजवर नंदुरबार जिल्ह्यातलं कळसाडी शोधायचं आहे. काम सोपं वाटतं: ओळ घ्या, स्वल्पविरामावर तोडा. पण एखाद्या रकान्यात "कळसाडी, जि. नंदुरबार" असं अवतरणात लिहिलेलं असलं, की एका रकान्याचे दोन होतात आणि पुढची लोकसंख्या भलत्याच मथळ्याखाली जाऊन बसते. अवतरणातल्या स्वल्पविरामावर तोडायचं नाही, हा नियम २००५ च्या आरएफसी ४१८० या तांत्रिक दस्तऐवजात लिहिलेला आहे. तो स्वतः कोडमध्ये उतरवत बसण्यापेक्षा पापा पार्ससारखी तयार लायब्ररी घ्यावी. ती ब्राउझरमध्येच चालते, मोठी फाइल ओळीओळीने वाचते.

तिच्यात 'डायनॅमिक टायपिंग' नावाची एक सोय आहे; मी तिला सापळाच म्हणेन. ती चालू केली की आकड्यासारखं दिसणारं सगळं आकडा होतं. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या तालुक्यांचे कोड पाच अंकी, पण शून्याने सुरू होणारे. शून्य गळालं की तालुका जुळत नाही आणि गाव सापडत नाही. सुदैवाने ही सोय मुळात बंद असते.

मराठीची अडचण निराळी. 'कळसाडी' यूटीएफ-८ मध्ये १८ बाइट घेतं, प्रत्येक चिन्हाला तीन. एक्सेलमध्ये सीएसव्ही थेट उघडली की पुष्कळदा या बाइटांची युरोपीय अक्षरं होतात. फाइलच्या सुरुवातीला बीओएम ही तीन बाइटांची खूण ठेवली, की नाव नीट दिसतं.