मॅकिंटॉशच्या खुर्च्यांचे खर्डे

ग्लासगो विद्यापीठाच्या हंटेरियन कलासंग्रहात चार्ल्स रेनी मॅकिंटॉश (१८६८–१९२८) या वास्तुशिल्पज्ञाने पेन्सिलीने व जलरंगांनी काढलेली फर्निचरची रेखाटने जतन केलेली आहेत. आणि ज्यांना त्याच्या खुर्च्या केवळ छायाचित्रांतून ठाऊक आहेत, त्यांनी प्रथम हे खर्डे पाहावेत. एका फुटास एक इंच अशासारख्या प्रमाणात खुर्ची समोरून, बाजूने आणि वरून मांडलेली. छायाप्रकाशाचा विलास बेताचाच, आणि तीवर विसावलेला मनुष्य तर मुळीच नाही. इमारतीच्या दर्शनी भागाकडे पाहावे त्याच नजरेने हा गृहस्थ खुर्चीच्या पाठीकडे पाहत होता, आणि त्याच्या खुर्च्यांचे सारे गुणदोष, माझ्या मते, या एका दृष्टिकोनातून उद्भवलेले आहेत.

मिस केट क्रॅन्स्टन या बाईंच्या आर्गाइल स्ट्रीटवरील चहागृहासाठी १८९८ च्या सुमारास त्याने योजिलेली ओकची खुर्ची घ्या. उंची सुमारे साडेचार फूट. माथ्याशी लंबवर्तुळाकार फळी, आणि तीत उडत्या पाकोळीचा आकार आरपार कोरलेला. अशा खुर्च्या मेजाभोवती मांडल्या, की गजबजलेल्या भोजनगृहातही त्या मेजापुरते एक स्वतंत्र दालन उभे राहते. बसणाऱ्याच्या पाठीस त्यापासून सुख किती, हा प्रश्न निराळा. सांध्यांच्या मजबुतीविषयीही जाणत्या सुतारांनी नाके मुरडावीत अशी स्थिती होती.

पुढे १९०४ मध्ये पूर्ण झालेल्या हेलेन्सबरो येथील ‘हिल हाउस’च्या शयनगृहात त्याने शिडीसारख्या उंच पाठीची काळी खुर्ची शुभ्र भिंतीसमोर ठेवली. घरधनी प्रकाशक वॉल्टर ब्लॅकी. त्यांच्या पेढीची मुंबईतही कचेरी असे, आणि तिची शालेय पुस्तके आपल्याकडील पुष्कळांच्या हातांखालून गेली आहेत. ही खुर्ची बसण्यासाठी नव्हेच; कागदावरील काळ्या रेघेला जे काम, तेच त्या खोलीत तिला.

१९३३ मध्ये त्याची पत्नी मार्गारेट निवर्तल्यावर उभयतांच्या स्टुडिओतील चीजवस्तूंची किंमत अवघी ८८ पौंडांच्या घरात ठरविण्यात आली. मोजदाद करणाऱ्यांस दोष देता येत नाही: मॅकिंटॉशच्या हाती बरीच वर्षे इमारतींचे काम नव्हते, आणि त्याची कीर्ती व्हिएन्नात जितकी गाजली तितकी स्वदेशात टिकली नव्हती. त्या सामानातील पुष्कळसा भाग, खर्ड्यांसह, पुढे विद्यापीठाच्या हवाली झाला.