मृतांच्या नौका

मृतासोबत नौका पुरण्याची चाल प्राचीन जगात दूरदूरच्या समाजांत आढळते. इजिप्तमध्ये खुफू राजाच्या पिरॅमिडलगतच्या खड्ड्यात १९५४ साली सुटे भाग करून रचून ठेवलेली, सुमारे ४३ मीटर लांबीची देवदारी नौका सापडली. उत्तर युरोपात तर जहाज हीच कबर झाली.

नॉर्वेतील ओसेबर्ग येथील टेकाड १९०४ साली उकरण्यात आले. आत साडेएकवीस मीटर लांबीचे ओक लाकडाचे जहाज, तीस वल्ही, गाडा, घसरगाड्या आणि दोन स्त्रियांचे अवशेष होते. लाकडावरील वर्तुळांवरून हे दफन इ. स. ८३४ मधले ठरते. त्या दोघींत एक स्वामिनी व दुसरी दासी होती काय, यावर विद्वानांत एकमत नाही. तेथेच मिळालेल्या एका बादलीच्या कड्यांजवळ मांडी घालून बसलेल्या आकृती आहेत. त्यावरून तिला ‘बुद्ध बादली’ म्हणतात. नावाने हुरळून जाऊ नये, कारण ती कारागिरी ब्रिटन-आयर्लंडकडची मानली जाते. खरी बुद्धमूर्ती स्वीडनमधील हेल्गो बेटावर सापडली. ती सहाव्या शतकाच्या सुमाराची, वायव्येकडील स्वात खोऱ्यातून गेलेली. सापडली तेही १९५६ साली, जे वर्ष आपल्याला वेगळ्या कारणाने स्मरणीय आहे.

दासीविषयीची शंका अकारण नाही. बगदादच्या खलिफाच्या शिष्टमंडळातील इब्न फदलान याने ९२२ साली व्होल्गाकाठी रूस लोकांच्या एका सरदाराचा अंत्यविधी पाहिला व लिहून ठेवला. जहाज किनाऱ्यावर ओढून त्यावर प्रेत ठेवले गेले. ‘धन्याबरोबर कोण मरेल?’ असे दासींना विचारण्यात आले. जी ‘मी’ म्हणाली तिला मद्य पाजून जहाजावर ठार मारले, आणि मग जहाज पेटवून दिले. तिच्या किंकाळ्या इतर दासींच्या कानी पडू नयेत म्हणून पुरुष ढाली बडवीत होते. सतीच्या चितेभोवती वाजणारे ढोल ज्यांनी वाचले आहेत, त्यांना या ढालींचा आवाज परका वाटणार नाही. त्या दासीचे नाव इब्न फदलानने नोंदवलेले नाही.

मृतासोबत वाहन, दागिने आणि दासीही पाठवणाऱ्यांची समजूत अशी की, येथला मानमरातब तेथेही चालू राहतो. मज्झिमनिकायात तथागतांनी तराफ्याची उपमा दिली आहे ती याच्या नेमकी उलट: पैलतीर गाठल्यावर तराफा डोक्यावर वाहायचा नसतो.

आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर जहाजात पुरलेला माणूस सापडलेला नाही. परंतु नौका आणि मृत्यू यांचे नाते महाराष्ट्राला अपरिचित नाही. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील इनामगाव येथे घोड नदीकाठी डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. तेथील ताम्रपाषाणयुगीन वस्तीत मृतांना घरातच पुरत. प्रौढांचे पाय घोट्याखाली तोडलेले आढळतात. मृताने चालून जाऊ नये, अशी भीती त्यामागे असावी. मात्र पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेल्या पुरुषाचे पाय शाबूत होते. म्हणजे मरणातही भेद होता, आणि तो तीन हजार वर्षांपूर्वीचा! याच गावी दफनासोबतच्या एका भांड्यावर लांब वल्ह्यांची होडी रंगवलेली आहे.

कोकणात मात्र ही नौका दगडावर उतरली. अलिबागजवळील आक्षीच्या शिलालेखात राजाला ‘पश्चिमसमुद्राधिपती’ म्हटले आहे. पण या सत्तेची किंमत कोणी मोजली, हे बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळ सांगतात. त्यांतील चार शिळांवर नौकायुद्ध कोरलेले आहे. यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यात १२६५ च्या सुमारास झालेल्या लढाईचे हे स्मारक असावे, असा अभ्यासकांचा तर्क आहे. सोमेश्वर समुद्रातच बुडाला. समुद्रात पडलेल्याचे प्रेत हाती लागत नाही. तेव्हा शिळेवरची नौका हीच त्याची कबर, असे मला वाटते.

वीरगळ खालून वर वाचावा. वरच्या पट्ट्यांत स्वर्ग आणि देवपूजा असते, आणि पाहणाऱ्याची नजर तेथेच जाते. खालच्या पट्टीत जहाजांची रांग आहे आणि त्यांच्या कडेला वल्ही मारणाऱ्यांची ओळ. ते किनाऱ्यावरच्या दर्यावर्दी कष्टकऱ्यांखेरीज दुसरे कोण असणार? कान्हेरीच्या सहलीला गेलेल्या मुलांना एक्सर दूर नाही. त्यांना आधी ती खालची ओळ दाखवावी.