विश्लेषण : पाळीव गेकोने अन्न सोडले तर? खान्देशात आधी खाद्य नव्हे, तापमान का तपासावे?

लेपर्ड गेको ही जाड शेपटीची, ठिपकेदार पाल हौसेने पाळली जाते. आवाज नाही, दुर्गंधी नाही, फिरायला न्यावे लागत नाही, त्यामुळे ‘सोपा पाळीव प्राणी’ अशी तिची ख्याती आहे. मात्र ती आजारी पडली तरी तिचा आवाज येत नाही. अनेकदा अन्नाकडे पाठ फिरवणे हे पहिलेच लक्षण असते. जळगाव-धुळे परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि थंडीच्या लाटेत तो एक आकडी होतो. अशा हवामानात हा प्रश्न अधिक गंभीर ठरतो.

ही नेमकी कोणती पाल?

पाळली जाणारी लेपर्ड गेको मूळची पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि वायव्य भारतातील कोरड्या, खडकाळ प्रदेशातली. भिंतीवरच्या घरपालीपेक्षा ती बरीच वेगळी असते. तिला हलणाऱ्या पापण्या असतात, बोटांना चिकट गाद्या नसतात, त्यामुळे ती काचेवर चढू शकत नाही. दिवसा ती कपारीत दडते आणि संध्याकाळनंतर किडे शोधायला बाहेर पडते. जास्तीची चरबी ती शेपटीत साठवते. तिच्या जवळच्या नातलग पाली महाराष्ट्रातही आढळतात. सातपुड्यातील अशाच एका पालीची नवी प्रजाती म्हणून २०१४ मध्ये नोंद झाली आणि तिच्या शास्त्रीय नावात सातपुड्याचे नाव आले. लोक तिला विषारी समजून ठेचतात. प्रत्यक्षात तिला विष नसते.

अन्न सोडणे म्हणजे आजारच का?

नाही. सुदृढ, जाड शेपटीची प्रौढ पाल काही आठवडे उपाशी राहू शकते. नव्या घरात आल्यावर पहिला आठवडा-दोन आठवडे ती भेदरलेली असते. कात टाकण्यापूर्वी तिचा रंग फिका, पांढुरका होतो आणि त्या दिवसांत ती खात नाही. विणीच्या हंगामात नराची भूक कमी होते, अंडी पोटात असताना मादीचीही. थंडी सुरू झाली की प्रौढ पालींचे खाणे आपोआप घटते. प्रौढ पालीला एरवीही रोज खाद्य लागत नाही. आठवड्यातून दोन-तीन वेळा पुरते. पिल्लाची गोष्ट वेगळी. त्याच्या शेपटीत साठा नसतो आणि त्याला रोज खायला लागते. पिल्लू सलग काही दिवस खात नसेल तर थांबून चालत नाही.

तापमानाचा भुकेशी संबंध काय?

माणसाचे शरीर स्वतःची उष्णता तयार करते. पालीला ती बाहेरून घ्यावी लागते. खाल्लेला किडा पचवण्यासाठी तिला पोटाखाली ऊब हवी असते. पेटीच्या एका टोकाला जमिनीचे तापमान सुमारे ३१ ते ३३ अंश आणि दुसऱ्या टोकाला २४ ते २६ अंश असावे, म्हणजे ती गरजेप्रमाणे जागा बदलते. ऊब कमी पडली की पचन मंदावते, मग भूक मरते. अशा वेळी खाद्य पोटात गेलेच तर ते न पचता कुजते आणि पाल ओकते. म्हणून पाल खात नाही असे दिसताच खाद्य बदलत बसण्याआधी तापमापक पाहावा. तोही खोलीतला किंवा काचेवर चिकटवलेला नव्हे. तापमापकाचे टोक पाल जिथे पोट टेकते तिथे, जमिनीवर असायला हवे.

हिवाळ्यात काय करावे?

रात्री खोली १२ ते १५ अंशांवर आली तर पेटीखालची हीट मॅट फक्त तळ गरम करते, आतली हवा थंडच राहते. पाल मग अर्धवट अवस्थेत अडकते. पचनासाठी ऊब अपुरी आणि खऱ्या शीतनिद्रेसाठी थंडी अपुरी, अशी ती अवस्था. त्यात तिचे वजन घटत जाते. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून थर्मोकोल लावून, हवेची छिद्रे मोकळी ठेवून बराच फरक पडतो. मॅटला थर्मोस्टॅट हवाच; त्याविना ती भाजूही शकते. वीज बराच वेळ गेली तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून पेटीला बाहेरून टेकवावी. ऊब परत येईपर्यंत खाद्य देऊ नये.

आणि उन्हाळ्यात?

वाळवंटी प्राणी आहे, त्याला ऊन चालेल, हा समज घातक आहे. रानात ही पाल दुपारी जमिनीखालच्या गारव्यात असते. काचेच्या पेटीत तिला पळायला जागा नसते. पेटीतील हवा ३५ अंशांपलीकडे राहू लागली की ती आधी अन्न सोडते, मग तोंड उघडून धापा टाकते. मे महिन्यात दिवसा मॅट बंद ठेवावी आणि पेटी तळमजल्यावरील सर्वांत गार खोलीत हलवावी. पत्र्याच्या छताखाली किंवा पश्चिमेच्या खिडकीजवळ ती ठेवू नये. माठाचे फुटके खापर ओलसर करून आत उपडे ठेवले की गार आडोसा मिळतो आणि कात टाकायलाही मदत होते. कूलरचा झोत मात्र थेट पेटीवर नको. पाण्याची उथळ वाटी रोज बदलावी; तहानलेली पालही खात नाही.

शेतातले किडे पकडून घातले तर?

हा मोह टाळावा. खान्देशात कापूस आणि केळीच्या पट्ट्यात कीटकनाशकांची फवारणी होते. फवारलेल्या पिकावरचा टोळ किंवा नाकतोडा जिवंत दिसला तरी त्याच्या अंगावर विष असू शकते. घरात औषध मारले असेल तर झुरळांचेही तेच. काजवे तर कधीच देऊ नयेत, त्यांच्या अंगातच पालींना मारक विष असते. खाद्यासाठी वाढवलेले रातकिडे किंवा मीलवर्म द्यावेत. किड्याची रुंदी पालीच्या दोन डोळ्यांमधील अंतरापेक्षा जास्त नसावी. त्यावर कॅल्शियम आणि ड-३ जीवनसत्त्वाची भुकटी भुरभुरावी. न खाल्लेले रातकिडे रात्रभर पेटीत सोडू नयेत. ते झोपलेल्या पालीला चावतात.

धोका कधी समजावा?

यासाठी सर्वांत विश्वासू साधन म्हणजे वजनकाटा. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा डिजिटल काटा घेऊन दर आठवड्याला वजन वहीत लिहावे. ६० ग्रॅमची पाल ५४ ग्रॅमवर आली, म्हणजे वजन दहा टक्क्यांनी घटले, की पशुवैद्यकाकडे जायला हवे. पुढील लक्षणे दिसली तर वजनाचीही वाट पाहू नये :

- शेपटी काडीसारखी बारीक होणे, पातळ किंवा दुर्गंधीयुक्त विष्ठा : आतड्यातील जंत किंवा क्रिप्टोस्पोरिडियमचा संसर्ग असू शकतो.
- पोट फुगणे, विष्ठा बंद होणे : वाळू गिळल्याने अन्नमार्ग तुंबलेला असू शकतो. म्हणूनच पेटीत सुटी वाळू न घालता फरशी किंवा साधा कागद घालावा.
- जबडा मऊ पडणे, पाय वाकणे, थरथर : कॅल्शियमअभावी हाडे ठिसूळ झाल्याचे लक्षण.
- डोळे मिटलेले किंवा सुजलेले : भक्ष्य दिसतच नसल्याने ती खात नाही.
- मादीचे पोट टपोरे, सतत उकरणे आणि मरगळ : अंडी अडकलेली असू शकतात. नराशिवायही मादीच्या पोटात अंडी तयार होतात.

जबरदस्तीने भरवावे का?

घरी नाही. चिमट्याने तोंड उघडताना जबडा मोडू शकतो आणि पातळ अन्न श्वासनलिकेत जाऊ शकते. शिवाय सतत हाताळल्याने आधीच भेदरलेली पाल आणखी मिटते. तापमान दुरुस्त करून दोन-तीन दिवस तिला एकटे सोडावे, मग संध्याकाळी अंधार पडताना एकच किडा चिमट्याने हलवून दाखवावा. दुसरीकडे, ‘खाईल तेव्हा खाईल’ म्हणून महिनोन्महिने थांबणेही चुकीचे. लठ्ठ पाल दीर्घकाळ उपाशी राहिली तर यकृतात चरबी साठून ती दगावू शकते.

पशुवैद्यकाकडे जाताना काय न्यावे?

सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणारे पशुवैद्यक प्रामुख्याने मोठ्या शहरांत असतात. मात्र ताज्या विष्ठेची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी आणि क्ष-किरण या प्राथमिक गोष्टी जवळच्या पशुवैद्यकाकडूनही होऊ शकतात, आणि तो अहवाल दाखवून दूरच्या तज्ज्ञांचा सल्ला घेता येतो. स्वच्छ डबीत ताजी विष्ठा, वजनाची वही आणि पेटीतील तापमानाची नोंद सोबत असावी. पालीला हवेशीर डब्यात, उन्हाळ्यात सकाळीच न्यावे. हाताळल्यानंतर साबणाने हात धुवावेत. पालींच्या विष्ठेतून साल्मोनेलाचा संसर्ग होतो, लहान मुलांना त्याचा धोका अधिक असतो.

पाल रानातून आणलेली असेल तर?

मग उपाय पेटीत नाही. रानातून पकडलेली पाल ताणाने आणि जंतांमुळे अन्न सोडते, ती क्वचितच रुळते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार ‘शिकार’ या शब्दात प्राणी पकडणेही येते, त्यामुळे अनुसूचीतील प्राणी घरात ठेवल्यास गुन्हा दाखल होऊ शकतो. विकत घेतानाही तिचे मूळ विचारून पावती घ्यावी. शेतात किंवा घराच्या पायात अशी पाल सापडली तर ती न मारता, न पाळता वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवावे.