सम्मुखाविनय आणि मानवी हक्कांची जाहीर चर्चा

मानवी हक्क, न्याय आणि जागतिक धोरण हे विषय दिल्ली अथवा जिनिव्हा येथील विद्वानांचे. विहारात त्यांचे काय प्रयोजन, असा प्रश्न गोंदिया जिल्ह्यातील उपासक आम्हांस अधूनमधून विचारतात. या प्रश्नाचे एक उत्तर याच भूमीच्या इतिहासात आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत हा प्रदेश भंडारा जिल्ह्यात होता. १९५४ साली भंडारा मतदारसंघात लोकसभेची पोटनिवडणूक झाली, तीत बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. प्रचारसभांतून त्यांनी देशाच्या परराष्ट्र धोरणावरही परखड टीका केली. निवडणुकीत त्यांचा पराभव झाला. परंतु धान पिकविणाऱ्या आणि विड्या वळणाऱ्या माणसासमोर जगाचे प्रश्न मांडले पाहिजेत, हा पायंडा त्यांनी येथे घालून दिला.

दुसरे उत्तर विनयपिटकात आहे. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या कार्यपद्धतीचा दाखला दिला होता. ठराव, गणपूर्ती, मतगणना, गुप्त मतदान हे सर्व नियम संघाला ज्ञात होते, असे त्यांचे प्रतिपादन होते. हे नियम विनयात विखुरलेले आहेत. त्यांपैकी तंटे शमविण्याचे सात उपाय चूळवग्गातील समथक्खन्धकात सविस्तर आले असून त्यांत पहिला मान सम्मुखाविनयाचा आहे.

सम्मुखाविनय म्हणजे समक्ष केलेला निर्णय. काही भिक्खूंनी गैरहजर भिक्खूंविरुद्ध परस्पर दंडकर्म केले, तेव्हा तथागतांनी त्यास मनाई केली, अशी या नियमाची उत्पत्तिकथा आहे. संघ, धम्म आणि विनय यांच्या जोडीला ज्या व्यक्तींमध्ये वाद आहे त्या व्यक्तीही समक्ष असल्या पाहिजेत. यास पुग्गलसम्मुखता म्हणतात. ज्याच्याविषयी निर्णय व्हावयाचा, त्याला वगळून झालेला निर्णय हा निर्णयच नव्हे, असा याचा आशय होय. बहुमत घेण्याची वेळ आली तर शलाका वाटणारा भिक्खू कसा असावा, हेही सांगितले आहे. लोभ, द्वेष, मोह आणि भय या चार अगतींच्या आहारी न जाणाराच त्या कामास पात्र ठरतो.

हाच निकष आधुनिक जगाला लावून पाहू. १० डिसेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे संयुक्त राष्ट्रसंघाने मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या दहाव्या कलमाने स्वतंत्र व निःपक्षपाती न्यायपीठापुढे उघड सुनावणीचा हक्क प्रत्येक माणसास दिला. पुढे १९६५ साली वंशभेद निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय करार झाला व भारताने १९६८ साली त्यास अनुसमर्थन दिले. या कराराच्या व्याख्येत वंश आणि वर्ण यांच्याबरोबर ‘जन्मकुळ’ या अर्थाचा एक शब्द आहे. जात या शब्दात मोडते, असे करारावर देखरेख करणाऱ्या समितीने १९९६ साली म्हटले. भारत सरकारने ते मान्य केले नाही. २००१ साली दरबान येथील जागतिक परिषदेत भारतातील अनेक दलित कार्यकर्ते स्वतः गेले, तरीही अंतिम घोषणापत्रात जातीचा उल्लेख आला नाही. मात्र २००२ साली याच समितीने या विषयावर खास चर्चा ठेवली, अनेक संघटनांचे व व्यक्तींचे तोंडी आणि लेखी म्हणणे ऐकले आणि आपल्या एकोणतिसाव्या सर्वसाधारण शिफारशीत जातिभेदाचा स्पष्ट समावेश केला. ज्यांनी सोसले त्यांचे म्हणणे ऐकून केलेली ही शिफारस पुग्गलसम्मुखतेच्या तत्त्वाला धरून आहे, असे आम्ही समजतो.

जिनिव्हाहून आपल्या शेजारी येऊ. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. २००८ साली भंडारा येथील न्यायालयाने आठ जणांना दोषी ठरविले. परंतु हा गुन्हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली येतो, हे ना त्या न्यायालयाने मानले, ना २०१० साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने. वाचलेले भैयालाल भोतमांगे २०१७ साली निवर्तले. या निकालांविषयी समाजात जी वेदना आहे, तिचे मूळ शिक्षेच्या मोजमापात नाही. अत्याचार जातीमुळे झाला, हे सोसणाऱ्याचे म्हणणे निकालात उतरले नाही, हे तिचे मूळ आहे.

२०१५ साली या कायद्यात दुरुस्ती झाली व ती २६ जानेवारी २०१६ पासून अंमलात आली. तिने १५-अ हे कलम घातले. जामिनासह प्रत्येक कार्यवाहीची वेळेवर सूचना मिळण्याचा आणि जामीन, दोषमुक्ती, शिक्षा अशा प्रसंगी आपले म्हणणे मांडण्याचा हक्क पीडितास व त्याच्या आश्रितांस मिळाला. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयाने ही सूचना व सुनावणी बंधनकारक ठरविली. विनयातील तत्त्व आज देशाच्या कायद्यात अशा रूपाने उभे आहे.

परंतु हक्क माहीत नसेल तर तो कागदावरच राहतो. म्हणून विहारातील चर्चेचे प्रयोजन आहे. याच कलमानुसार पीडितास सामाजिक कार्यकर्ता, संस्था वा वकील यांचे साहाय्य घेता येते. १९९५ च्या नियमांनुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता व संनियंत्रण समितीने तीन महिन्यांतून किमान एकदा बसले पाहिजे. देवरी असो वा तिरोडा, सालेकसा असो वा अर्जुनी-मोरगाव, प्रत्येक विहाराने आपल्या तालुक्यातील प्रकरणे या समितीपुढे गेली काय, पीडितास तारखेची सूचना मिळाली काय, हे विचारावे. १० डिसेंबरच्या व्याख्यानात वक्त्याआधी पीडितास बोलू द्यावे. आणि सभेचे संचालन करणाऱ्याने चार अगतींची आठवण ठेवावी. विशेषतः भयाची, कारण गावातील बलवंताचे भय विहाराच्या उंबरठ्यापाशी थांबतेच असे नाही.