संगणक एका खोलीत, आभासी वास्तव दुसऱ्या खोलीत

संगणकावर चालणारा आभासी वास्तवाचा, म्हणजे व्हीआरचा, खेळ दुसऱ्या खोलीत खेळण्यासाठी संगणक हलवावा लागत नाही. मेटा क्वेस्ट ३ सारख्या हेडसेटवर एअर लिंक अथवा स्टीम लिंकद्वारे चित्र वाय-फायवरून पाठवता येते. मात्र सेकंदाला ९० चित्रचौकटी दाखवताना प्रत्येक चौकटीला जेमतेम ११ मिलिसेकंद मिळतात आणि ५ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींत क्षीण होतात. म्हणून खेळाच्या खोलीतच अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय प्रसारित करणारे उपकरण, बसवून ते इथरनेट केबलने संगणकाशी जोडणे सर्वांत भरवशाचे ठरते. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत गिगाबिट वेग टिकवते. खेळाडूला मोकळेपणाने वावरता यावे यासाठी सुमारे २ मीटर बाय २ मीटर जागा रिकामी ठेवून तिची सीमा हेडसेटमध्ये आखावी, म्हणजे भिंत जवळ येताच इशारा मिळतो.