ओढ आणि रेटा : कृष्णविवरांचा तराजू



तराजू न पाहिलेला माणूस आपल्याकडे सापडायचा नाही. एका पारड्यात माप, दुसऱ्यात धान्य. दांडी आडवी झाली की सौदा पुरा. पण हा समतोल फार हळवा. मूठभर दाणे इकडचे तिकडे झाले, वाऱ्याची झुळूक आली, की दांडी डुलायला लागते. निसर्गाच्या नियमांत मात्र काही वस्तू अशा निघतात, की त्यांच्यातली ओढ आणि त्यांच्यातला रेटा दर अंतरावर नेमका फिटतो, आणि कितीही बारीक हिशेब केला तरी तो फिटलेलाच राहतो. असा तराजू हाती धरून शास्त्रज्ञांनी कृष्णविवराच्या पोटातली मोजदाद केली. ती कशी केली, हे आज पाहू. विषय चढणीचा आहे खरा, पण पायरी पायरीने गेलो तर दम लागणार नाही.

पहिली पायरी शाळेतलीच. कोणतेही दोन पदार्थ एकमेकांना ओढतात, हे न्यूटनने सांगितले. सारख्या जातीचे दोन विद्युत्प्रभार एकमेकांना रेटतात, हे कुलोमने मोजून दाखवले. गंमत अशी, की दोन्ही नियमांचा साचा एकच आहे. अंतर दुप्पट केले की ओढही चौथाई होते आणि रेटाही चौथाई होतो. म्हणजे एका अंतरावर दोन्ही फिटले, तर सगळ्याच अंतरांवर फिटणार!

पण फिटतात कुठे? दोन प्रोटॉन घेतले तर त्यांच्यातला विजेचा रेटा गुरुत्वाच्या ओढीपेक्षा एकावर छत्तीस शून्ये इतक्या पटीने मोठा भरतो. समतोल साधायचा तर वजन वाढवायला हवे. शिक्षक मंडळींनी हे गणित फळ्यावर जरूर करून पाहावे. धुळीचे दोन कण घ्या. प्रत्येकावर एका इलेक्ट्रॉनइतकाच प्रभार ठेवा. आता प्रत्येक कणाचे वजन किती असावे, म्हणजे ओढ आणि रेटा बरोबर होतील? उत्तर येते सुमारे १.८६ मायक्रोग्रॅम; एका मिलिग्रॅमचे पाचशेच्या वर भाग केले तर त्यातला एक. असे दोन कण रिकाम्या आकाशात वीतभर अंतरावर सोडा की कोसभर अंतरावर सोडा, ते जवळही येणार नाहीत आणि दूरही जाणार नाहीत.

आता दुसरी पायरी. १९१५ साली आइन्स्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला. त्यात नुसत्या पदार्थालाच नव्हे, तर ऊर्जेलाही ओढ असते. प्रभाराभोवती जे विद्युत्क्षेत्र पसरलेले असते त्याच्या ऊर्जेलाही ओढ, आणि गुरुत्वातूनही पुन्हा गुरुत्व. हिशेबात एवढी कलमे वाढल्यावर आपला साधा समतोल टिकेल का? मोडेल, असेच कुणालाही वाटेल.

तो मोडत नाही, हे १९४७ साली कलकत्त्याच्या सुधांशू दत्त मजुमदार यांनी दाखवून दिले. त्याच वर्षी ग्रीक शास्त्रज्ञ आकिलीस पापापेत्रू हेही स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी पोचले. वजन आणि प्रभार ठरावीक प्रमाणात असलेल्या कितीही वस्तू घ्या, कुठेही मांडा, त्या जागच्या जागी राहतात. आइन्स्टाइनची समीकरणे एरवी महा गुंतागुंतीची. दोन उत्तरांची बेरीज करून तिसरे उत्तर मिळवण्याची सोय त्यांत नाही. पण या खास वस्तूंसाठी ती समीकरणे इतकी सोपी होतात, की दर वस्तूचा वाटा नुसता बेरजेने मांडत जावा. पुढे १९७२ साली जेम्स हार्टल आणि स्टीफन हॉकिंग यांनी दाखवले, की मजुमदारांच्या उत्तरातल्या बिंदूंपाशी खरोखर कृष्णविवरे आहेत. कृष्णविवर म्हणजे ज्यातून प्रकाशालाही बाहेर पडता येत नाही अशी जागा. अशी अनेक कृष्णविवरे शेजारी शेजारी, एकमेकांना न गिळता उभी!

आता एखादा चौकस विद्यार्थी विचारील, "गुरुजी, हा योगायोग की यामागे काही कारण आहे?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर ही आपली तिसरी पायरी.

जगातले सूक्ष्म कण दोन जातींचे असतात. एक बोसॉन, हे नाव आपल्या सत्येंद्रनाथ बोस यांच्यावरून पडले. दुसरी जात फर्मिऑन. ते नाव इटलीच्या एन्रिको फर्मी यांच्यावरून. बोसॉनांचा स्वभाव जत्रेतल्या गर्दीसारखा, एकाच जागी कितीही मावतात. फर्मिऑनांचा स्वभाव एस. टी. तल्या आसनासारखा, एका जागी एकच. १९७० नंतरच्या काही वर्षांत अशी कल्पना पुढे आली, की या दोन जाती एकमेकींच्या जोडीदार असाव्यात. दर बोसॉनला एक फर्मिऑन आणि दर फर्मिऑनला एक बोसॉन. जोडीदारांची अदलाबदल केली तरी नियमांत फरक पडू नये. या कल्पनेला सुपरसिमेट्री म्हणतात; आपण अतिसममिती म्हणू. १९७६ साली ती आइन्स्टाइनच्या गुरुत्वाला जोडण्यात आली. या जोडसिद्धांताचे नाव सुपरग्रॅव्हिटी.

सममिती म्हणजे काय, हे अंगणातल्या रांगोळीवरून कळते. आठ पाकळ्यांचे कमळ एका पाकळीइतके फिरवले तरी ते जसेच्या तसे दिसते. तशीच सुपरग्रॅव्हिटीची काही उत्तरे अशी असतात, की जोडीदारांची अदलाबदल करण्याचे जे प्रकार आहेत त्यांपैकी काही केले तरी उत्तर हलत नाही. यांना सुपरसिमेट्रिक उत्तरे म्हणतात. १९८२ साली गॅरी गिबन्स आणि क्रिस हल यांनी दाखवले, की मजुमदारांची उत्तरे नेमकी याच जातीची आहेत. पस्तीस वर्षांपूर्वी सापडलेल्या समतोलाचे कारण असे हाती आले. अतिसममितीचा एक नियम असा, की वस्तूचे वजन तिच्या प्रभाराने ठरवलेल्या मर्यादेखाली कधी जात नाही. जी वस्तू बरोबर त्या मर्यादेवर उभी असते तिच्यात ओढ आणि रेटा फिटलेले असतात.

यात आणखी एक लाभ आहे. सूक्ष्म जगात रिकामी जागासुद्धा स्वस्थ नसते. तिथल्या चळवळीमुळे दर हिशेबात बारीक बारीक दुरुस्त्या कराव्या लागतात. पण बोसॉनची दुरुस्ती अधिक, तर जोडीदार फर्मिऑनची उणे. अधिक-उणे फिटते, आणि समतोल तिथेही टिकतो.

चौथी पायरी तंतूंची. स्ट्रिंग सिद्धांताप्रमाणे सगळे कण म्हणजे अतिसूक्ष्म तंतूंची कंपने. तंबोऱ्याच्या एकाच तारेतून वेगवेगळे स्वर निघावेत, तसे एकाच तंतूतून वेगवेगळे कण. इथे आपल्या मुलखातले एक नाव येते. कोल्हापूर जिल्ह्यातल्या गडहिंग्लजचे अतीश दाभोलकर यांनी जेफ्री हार्वी यांच्याबरोबर १९८९ साली दाखवले, की अशा लांबलचक सरळ तंतूचा ताण सूक्ष्म दुरुस्त्यांनी बदलत नाही. पुढच्याच वर्षी गिबन्स आणि फर्नांडो रुइझ रुइझ यांच्यासह त्यांनी या तंतूचे सुपरग्रॅव्हिटीतले उत्तर मांडले. असे दोन तंतू एकाच दिशेने, समांतर ठेवले तर? पुन्हा तोच तराजू! गुरुत्व आणि त्याच्या जोडीचे एक क्षेत्र त्यांना ओढते, तिसरे एक क्षेत्र तेवढ्याच जोराने रेटते, आणि तंतू जागच्या जागी राहतात. हेच दाभोलकर पुढे २०१९ साली इटलीतल्या त्रिएस्त इथल्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्राचे संचालक झाले.

तंतूला लांबी असते. मग लांबी-रुंदी असलेला पडदा का असू नये? पडद्याला इंग्रजीत मेम्ब्रेन म्हणतात. शास्त्रज्ञांनी त्याचा पुढचा भाग तोडला आणि उरलेला "ब्रेन" हा शब्द सगळ्याच अशा वस्तूंना लावला. त्याचा मेंदूशी काडीचा संबंध नाही. बिंदू हा शून्य मितींचा ब्रेन, तंतू एका मितीचा, पडदा दोन मितींचा, आणि याहून अधिक मितींचेही ब्रेन समीकरणांत येतात. कारण हे सिद्धांत दहा किंवा अकरा मितींत मांडलेले असतात. तंबोऱ्याच्या तारेची टोके जशी खुंटीला आणि तळाला पक्की असतात, तशी उघड्या तंतूंची टोके ज्या पृष्ठावर टेकलेली असतात ते पृष्ठ म्हणजे "डी-ब्रेन". १९९५ साली जोसेफ पोलचिन्स्की यांनी ओळखले, की ही पृष्ठे आणि सुपरग्रॅव्हिटीच्या उत्तरांतले प्रभार वाहणारे ब्रेन ही एकाच वस्तूची दोन रूपे आहेत.

आता माथ्यावर येऊ. जेकब बेकेन्स्टाइन आणि हॉकिंग यांनी १९७२ ते १९७४ च्या सुमारास दाखवले होते, की कृष्णविवराला उष्णता असते, आणि त्याच्या आत किती प्रकारच्या मांडण्या दडल्या आहेत हे त्याच्या पृष्ठाच्या क्षेत्रफळावरून कळते. सूक्ष्म एककांत क्षेत्रफळ मोजा आणि चाराने भागा. जी संख्या येते ती या मांडण्यांच्या संख्येचा लॉगरिदम. पण मांडण्या कशाच्या? हे कुणालाच सांगता येईना. धान्याचे शिवलेले पोते बाहेरून मापले, आत दाणे किती तेही अंदाजले, पण दाणा कसा असतो तोच पाहिलेला नाही, अशी गत.

आणि प्रश्न नुसत्या कुतूहलाचा नव्हता. १९७६ साली हॉकिंग यांनी असा युक्तिवाद केला, की कृष्णविवरात पडलेल्या वस्तूची सगळी नोंद कायमची पुसली जाते. हे खरे मानले तर आजच्या स्थितीवरून कालची स्थिती काढता येते हा पदार्थविज्ञानाचा पायाच डळमळतो. वहीतले पानच फाटले तर जमाखर्च कसा जुळणार?

१९९६ साली अँड्र्यू स्ट्रॉमिंजर आणि कुम्रुन वाफा यांनी एक युक्ती केली. त्यांनी पाच मितींतले समतोल कृष्णविवर घेतले आणि कागदावर गुरुत्वाचा जोर हळूहळू कमी केला. जोर कमी होताच कृष्णविवर विरघळते, आणि उरतात डी-ब्रेन आणि त्यांवर टेकलेले तंतू. हे दाणे मोजता येतात! त्यांनी ते मोजले. म्हणजे पोते शिवण्याआधीच दाण्यांची गणती झाली. मग जोर पुन्हा वाढवला, पोते शिवले. एरवी मधल्या वेळात दाणे कमी-जास्त झाले नाहीत याची खात्री कोण देणार? इथे ती खात्री समतोल देतो. वजन प्रभाराला बांधलेले, प्रभार पूर्णांकात मोजायचा. म्हणून अधिक-उण्याच्या खास रीतीने केलेली गणती मध्येच सरकू शकत नाही. मोठ्या कृष्णविवरांसाठी उत्तर हॉकिंग यांच्या सूत्राशी तंतोतंत जुळले, त्या "भागिले चार" सकट.

पुढे २०१२ साली दाभोलकर, समीर मूर्ती आणि डॉन झागिए यांनी अशीच गणती अधिक नेमकी करताना श्रीनिवास रामानुजन यांच्या "मॉक थीटा" फलनांच्या कुळातले गणित वापरले. रामानुजन यांनी ती फलने १९२० साली, मृत्यूच्या काही महिने आधी हार्डी यांना पत्राने कळवली होती. कृष्णविवर हा शब्दही तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता.

आता आपल्यातला एखादा रोखठोक माणूस विचारील, "हे सगळे कुणी डोळ्यांनी पाहिलेय का?" त्याला सरळ उत्तर दिले पाहिजे. कृष्णविवरे खरी आहेत. दोन कृष्णविवरे एकमेकांत मिसळताना उठलेल्या लहरी १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो यंत्रांनी टिपल्या. तशीच वेधशाळा आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभारायला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली आहे. पण आकाशातली ही कृष्णविवरे समतोल जातीची नाहीत. त्यांच्यात रेटा जवळजवळ नाही, ओढच फार. अतिसममितीने सांगितलेले जोडीदार कण जिनिव्हाजवळच्या २७ किलोमीटर घेराच्या यंत्रात पुष्कळ शोधले, पण सापडलेले नाहीत. तंतू आणि ब्रेन यांचाही प्रयोगातून पुरावा मिळालेला नाही. साध्या कृष्णविवरातली नोंद बाहेर कशी येते, यावरचे काम अजून चालूच आहे.

मग एवढा खटाटोप कशासाठी? आपण वर्गात घर्षण नसलेल्या उताराचे गणित शिकवतो. असा उतार कुठल्या घाटात आहे? कुठेच नाही. पण त्यावर गणित सुटते, आणि त्या सुटलेल्या गणितावरून खऱ्या घाटातल्या गाडीचे काय होईल याची समज येते. समतोल कृष्णविवराचे तसेच आहे. निदान एका प्रकारच्या कृष्णविवरात आतल्या मांडण्यांची संख्या आणि बाहेरचे क्षेत्रफळ जुळतात, हे त्याने कागदावर दाखवले. वहीत पाने पुरेशी आहेत, एवढे त्यावरून कळले.

शिक्षक बंधू-भगिनींना एवढीच विनंती, की मुलांना हा विषय सांगताना दोन खाती वेगळी ठेवावीत : गणितात सिद्ध झालेले एका बाजूला, निसर्गात पाहिलेले दुसऱ्या बाजूला. आणि सुरुवात करायची तर त्या धुळीच्या दोन कणांपासून करावी. ते गणित नववी-दहावीच्या मुलाला जमते. मजुमदारांनी सोडवलेला प्रश्न त्याच्याच पुढचा आहे.